रिकामे पात्र : यंत्रमानवाच्या अभिनयासंबंधी काही विचार

(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत मी काम केले. माझी भूमिका थोरल्या बहिणीची होती. ती शेजारणीबरोबर ओटीवर बसून तांदूळ निवडत असते आणि तेवढ्यात परगावी गेलेल्या धाकट्या भावाच्या मृत्यूची बातमी फोनवर येते, असा तो प्रसंग. प्रयोगाच्या वेळी मला खरोखरीच रडू आले. खोटे कशाला सांगू, ते यावे म्हणून सहा महिन्यांपूर्वी वारलेल्या माझ्या आजीचा चेहरा मी मुद्दाम डोळ्यांपुढे आणला होता. पडदा पडला तेव्हा माझे डोळे सुजले होते आणि आपण काहीतरी मोठे केले अशी माझी समजूत होती. परीक्षकांच्या अभिप्रायात मात्र एवढेच होते : 'थोरल्या बहिणीचे रडणे खरे होते, परंतु दुःख पोहोचले नाही. शेजारणीचे काम उत्तम.'

शेजारणीला त्या प्रसंगात एकही वाक्य नव्हते. फोनवरचे शब्द कानी पडताच तिने हातातले सूप तसेच धरून ठेवले, काही क्षण थांबली आणि मग ते हलकेच जमिनीवर टेकविले. एवढ्यानेच प्रेक्षागृह चिडीचूप झाले होते. परतताना एस. टी.त मी तिला विचारले, "त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं गं?" ती म्हणाली, "काही नाही. सरांनी मनात चार आकडे मोजायला सांगितले होते, ते मोजत होते."

हे उत्तर मला फार लागले. मी रडले ते वाया गेले आणि हिने आकडे मोजले ते खरे ठरले, हा कुठला न्याय? ही तक्रार घेऊन मी आमच्या सरांकडे गेले. सर हसले आणि म्हणाले, "जपानमध्ये यंत्रमानवांना घेऊन नाटके झाली आहेत, त्यांच्याविषयी वाच. तिथे तर मोजण्यावाचून दुसरे काही नाहीच. आणि ते वाचून झाले की भरताचा सातवा अध्याय पुन्हा उघड." प्रस्तुत लेख हे त्या दोन वाचनांचे फलित आहे. ज्याला भावनाच नाही त्याचा अभिनय पाहून आपल्या मनात भावना का जागी व्हावी, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

यंत्रमानवाचा जन्म रंगभूमीवर

'रोबो' हा शब्द कारखान्यातून किंवा प्रयोगशाळेतून आला असावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो नाटकातून आला आहे. चेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक जानेवारी १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. माणसाची कामे करण्यासाठी कारखान्यात तयार केलेले कृत्रिम मानव हा त्याचा विषय. त्यांना नाव काय द्यावे, या विचारात चापेक असताना त्यांचे चित्रकार बंधू योझेफ यांनी 'रोबोट' हा शब्द सुचविला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची राबणूक. आपल्याकडे जिला वेठ म्हणत तीच. तेव्हा 'यंत्रमानव' हा आपला प्रतिशब्द कितीही चांगला असला, तरी मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द 'वेठबिगार' हा आहे. या शब्दाकडे मी लेखाच्या अखेरीस पुन्हा येणार आहे.

चापेक यांचे रोबो लोखंडी नव्हते. ते रासायनिक द्रव्यातून घडविलेले आणि दिसायला माणसासारखे होते. त्यांच्या भूमिका अर्थातच हाडामांसाच्या नटांनी केल्या. तेव्हापासून कितीतरी वर्षे माणसे यंत्रमानवाचे सोंग घेत आली. यंत्रमानवाने माणसाबरोबर उभे राहून नाटकातील पात्र व्हावे, ही गोष्ट त्या मानाने अगदी अलीकडची.

कल्पनेत मात्र ती आपल्याकडे फार जुनी आहे. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेला राजशेखर हा आपल्या अकालजलद नावाच्या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणून गौरविणारा संस्कृत नाटककार. त्याच्या 'बालरामायण' नाटकाच्या पाचव्या अंकात सीतेच्या विरहाने व्याकूळ झालेल्या रावणापुढे सीतेची एक यंत्रबाहुली आणली जाते. तिच्या मुखात बोलणारा पक्षी बसविलेला असतो. रूप सीतेचे, बोलणे गोड, रावण फसतो. परंतु तो तिला स्पर्श करतो आणि हाताला लाकूड लागते.

हाताला लाकूड लागण्याच्या या क्षणाविषयीच जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. यंत्र जसजसे माणसासारखे दिसू लागते तसतशी त्याच्याविषयीची आपली जवळीक वाढत जाते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होत आले की ती एकाएकी कोसळते आणि तिच्या जागी शहारा येतो, असे त्यांचे म्हणणे. या कोसळण्याला त्यांनी 'बुकिमी नो तानी', म्हणजे भेसूरपणाची दरी, असे नाव दिले. त्यांनी दिलेले उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. दिसायला अगदी खरा असलेला हात आपण हस्तांदोलनासाठी धरतो आणि तो थंड, निर्जीव लागतो. रावणाचा अनुभव याहून वेगळा नव्हता.

याच निबंधात मोरी यांनी बुनराकू या जपानी बाहुलीनाट्यातील बाहुलीला दरीच्या पलीकडच्या, उंच बाजूस जागा दिली आहे. ही बाहुली जवळून माणसासारखी मुळीच दिसत नाही. एका प्रमुख बाहुलीला तीन माणसे हाताळतात. मुख्य सूत्रचालक डोके व उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय सांभाळतो. हे तिघेही प्रेक्षकांना उघड दिसत असतात. असे असूनही प्रेक्षक बाहुलीच्या दुःखाने हेलावतात. तात्पर्य, रंगभूमीवर हुबेहूब दिसणे ही मुख्य गोष्ट नव्हे.

आंगिक : नाचणारी यंत्रे

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यंत्रमानवाची परीक्षा घेण्यास हीच मोजपट्टी मला सोयीची वाटली.

आंगिक, म्हणजे शरीराचा अभिनय, हा यंत्राचा प्रांत होय असे सकृद्दर्शनी वाटते. २०२५ च्या जानेवारीत चिनी नववर्षाच्या दूरचित्रवाणी सोहळ्यात युनिट्री या कंपनीच्या सोळा यंत्रमानवांनी 'यांगगे' हे ईशान्य चीनमधील लोकनृत्य माणसांबरोबर सादर केले. कार्यक्रमाची आखणी प्रख्यात चित्रपट-दिग्दर्शक झांग यीमौ यांची होती. अंगात फुलाफुलांची बंडी, हातात गरगर फिरणारा रुमाल, आणि सोळांची पावले एका ठोक्यावर. चित्रफीत पाहताना मी आश्चर्याने थक्क झाले. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा आश्चर्य कमी झाले, आणि तिसऱ्यांदा माझे लक्ष माणसांकडेच गेले. एक नर्तकी किंचित मागे पडून पुन्हा ताल पकडत होती, असे मला वाटले, आणि मग मी तिच्यावरून नजर काढली नाही.

याच्या उलट उदाहरण स्पॅनिश नृत्यदिग्दर्शिका ब्लांका ली यांचे. त्यांच्या २०१३ च्या 'रोबो' या नृत्यप्रयोगात माणसांबरोबर 'नाओ' नावाचे छोटे यंत्रमानव होते. नाओची उंची अवघी ५८ सेंटिमीटर, म्हणजे नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या मुलापेक्षाही कमी. तो नर्तकाचे अनुकरण करू पाहतो, धडपडतो, पडतो आणि हातांवर भार देऊन पुन्हा उठतो. येथे यंत्राचे कौशल्य चिनी सोहळ्यातल्यापेक्षा पुष्कळच कमी होते. तरीही पाहणाऱ्याचा जीव त्याच्यात गुंततो. कारण उघड आहे. पडण्याची शक्यता असल्यावाचून तोल सांभाळण्याला अर्थ नाही.

हिराता आणि इशिगुरो यांचे प्रयोग

आता सरांनी सांगितलेल्या नाटकांकडे वळू. ओरिझा हिराता हे जपानचे नाटककार-दिग्दर्शक. रोजच्या बोलण्यासारखे, हलक्या आवाजातले, अर्धवट तुटणाऱ्या वाक्यांचे नाटक ही त्यांची ओळख. नटाला ते 'इथे तुला दुःख झाले आहे' असे सांगत बसत नाहीत. 'अर्धा सेकंद अधिक थांब', 'थोडे डावीकडे सरक' असे सांगतात. प्रेक्षकाला पात्राचे मन जाणवण्यासाठी नटाच्या मनात ती भावना असलीच पाहिजे असे नाही, ही त्यांची भूमिका. ओसाका विद्यापीठात हिरोशी इशिगुरो हे हुबेहूब माणसासारखे यंत्रमानव घडविणारे शास्त्रज्ञ त्यांना भेटले, आणि २००८ च्या नोव्हेंबरात तेथे 'हाताराकु वाताशी', म्हणजे 'काम करणारी मी', हा छोटा नाट्यप्रयोग झाला.

त्यात 'वाकामारू' जातीचे दोन यंत्रमानव होते : पिवळ्या रंगाचे, सुमारे एक मीटर उंच, चाकांवर सरकणारे. एका जोडप्याच्या घरी हे दोघे घरकाम करतात. घरातला पुरुष काम सोडून बसलेला आहे, आणि दोघांपैकी एका यंत्रमानवाचीही कामावरची इच्छा उडाली आहे. काम हेच ज्याच्या जन्माचे कारण, त्याला काम नकोसे झाले तर त्याने करायचे काय? चापेक यांनी जो वेठबिगार बंड करताना दाखविला, तो हिरातांनी सत्त्याऐंशी वर्षांनी नुसता खिन्न बसलेला दाखविला. मला ही कल्पना बंडापेक्षा अधिक बोचरी वाटते.

२०१० साली आलेले 'सायोनारा' हे याहून प्रसिद्ध. त्यातील 'जेमिनॉइड एफ' ही यंत्रस्त्री सिलिकोनच्या त्वचेची आहे. तिच्या चेहऱ्याची व मानेची हालचाल हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारा चालकांवर होते. ती चालू शकत नाही, खुर्चीवर बसून राहते. तिच्यासमोर एक तरुणी आहे, असाध्य आजाराने मरणपंथाला लागलेली. त्या तरुणीच्या सोबतीसाठी आणलेली ही यंत्रस्त्री तिला कविता म्हणून दाखविते. नाटक म्हणजे एवढेच. तरुणीची भूमिका ब्रायरली लाँग या अभिनेत्रीने केली.

२०११ च्या मार्चमध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली. त्यानंतर हिरातांनी या नाटकाला आणखी एक प्रवेश जोडला. तरुणी आता नाही. यंत्रस्त्रीला नेण्यासाठी माणूस येतो आणि सांगतो, की तिला फुकुशिमाला पाठवायचे आहे. तेथे माणसांना जाता येत नाही, पण गेलेल्यांसाठी कुणीतरी कविता म्हणायला हवी. जिथे ऐकणारा कुणीच नाही तिथे एक यंत्र कविता म्हणत बसेल, ही कल्पना वाचूनच माझ्या अंगावर काटा आला. यंत्राला दुःख नाही, आणि म्हणूनच ते तेथे जाऊ शकते. त्याच्या दुःखहीनतेतूनच आपले दुःख जागे होते.

परंतु येथे एक गोष्ट विसरता कामा नये. 'सायोनारा'मधील यंत्रस्त्री स्वतः बोलत नव्हती. पडद्याआड एक अभिनेत्री बसलेली असे, आणि तिचा आवाज व मानेची, ओठांची हालचाल यंत्रात उतरत असे. म्हणजे बुनराकूचे तीन सूत्रचालक येथेही होते. फक्त ते झाकलेले होते. आपल्या 'सूत्रधार' या शब्दात दोरी धरणारा असा अर्थ पाहणारे विद्वान आहेत. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांची दोरी निदान दिसते तरी. यंत्रमानव ही दोरी न दिसणारी बाहुली आहे.

दुखणे कोणी वाहावे?

जर्मनीतील एक प्रयोग वाचून मी अधिक अस्वस्थ झाले. २०१८ साली म्युनिकच्या काम्मरश्पीले या नाट्यसंस्थेत स्टेफान केगी यांनी मोरींच्याच निबंधाचे नाव घेऊन एक प्रयोग केला. रंगमंचावर एकच पात्र, लेखक थोमास मेले यांची यांत्रिक प्रतिकृती. चेहरा व हात त्यांच्याच साच्यावरून केलेले. डोक्याची मागची बाजू मात्र उघडी, तारा दिसणारी. ही प्रतिकृती खुर्चीवर बसून सुमारे तासभर व्याख्यान देते.

मेले यांना द्विध्रुवीय मनोविकार आहे. कधी उन्माद, कधी खोल विषाद. या आजाराविषयी त्यांनी २०१६ साली एक पुस्तक लिहिले. असा लेखक रोज संध्याकाळी लोकांपुढे बसून आपली कहाणी सांगू लागला, तर ती त्याला दर वेळी नव्याने भोगावी लागेल, आणि ज्या दिवशी मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी तो येऊच शकणार नाही. यंत्राला असा दिवस नसतो. मेले यांनी आपल्या दुखण्याची वेठ यंत्रावर सोपविली.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. मी तिचे मरण एका स्पर्धेसाठी कामाला लावले होते. प्रत्येक तालमीत तिचा चेहरा बोलावला, आणि पाचव्या-सहाव्या तालमीनंतर तो येईनासा झाला, तेव्हा तिच्या खोकल्याचा आवाज बोलावला. 'रोबोटा' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. वेठीला मी आजीला धरले होते. ती राबली, पण प्रेक्षकांपर्यंत मात्र काहीच पोहोचले नाही, कारण रडताना मी फक्त तिच्याकडे पाहत होते. रंगमंचावरची शेजारीण, ते सूप, तो फोन, समोरचे प्रेक्षक यांपैकी मला काहीच दिसत नव्हते.

सत्त्व म्हणजे काय?

सातवा अध्याय मी पूर्वी परीक्षेपुरता वाचला होता. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव मला पाठ होते. यंत्रमानवाला यातले एकही साधत नाही, हे लक्षात यायला वेळ लागत नाही. त्याला घाम येत नाही, काटा येत नाही, त्याचा रंग उडत नाही. तेव्हा आंगिक, वाचिक, आहार्य हे तीन त्याला कमीअधिक जमतात आणि चौथा जमत नाही, असा निष्कर्ष काढून लेख संपविता आला असता.

पण सरांनी तो अध्याय 'पुन्हा' वाचायला का सांगितले, ते दुसऱ्या वाचनात उमगले. सत्त्व म्हणजे भावनेचा उमाळा, असे मी गृहीत धरले होते. भरत तसे म्हणत नाही. तो सत्त्वाचा उगम मनाच्या एकाग्रतेत सांगतो. जो स्वतः दुःखी नाही त्याने दुःख कसे दाखवावे, हा प्रश्न त्यालाही पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर समाहित मन हे आहे. अभिनवगुप्त तर याही पुढे जातो. रस नटात नसतो, रसिकात असतो. नट हे केवळ आस्वादाचे साधन, म्हणून त्याला 'पात्र' म्हणतात, कारण मद्याची चव काही प्याल्याला लागत नाही, अशा आशयाचे त्याचे विवेचन आहे. 'पात्र' हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. त्यात भांडे दडलेले आहे याचा मला विसर पडला होता.

या दृष्टीने पाहिले तर यंत्रमानव हे अगदी रिकामे पात्र होय, आणि त्यात आपण आपले दुःख ओततो. मात्र हे रिकामे भांडे कुणाच्या तरी हातात असावे लागते. 'सायोनारा'मध्ये पडद्याआडच्या अभिनेत्रीचे कान, समोर बसलेल्या तरुणीची नजर, सेकंदाचे तुकडे मोजणारा दिग्दर्शक, या सर्वांची एकाग्रता त्या खुर्चीवर केंद्रित झालेली होती. सत्त्व होते ते त्यांच्यात. माझ्या प्रयोगात पात्र होते ते काठोकाठ भरलेले, माझ्याच अश्रूंनी. प्रेक्षकांनी ओतायचे कुठे?

चार आकडे

एवढे लिहून झाल्यावर एक शंका मात्र राहिली. माझी मैत्रीण नुसते आकडे मोजत होती. मग तिच्यात आणि वाकामारूत फरक काय?

प्रयोगाचे चित्रण एकाने मोबाईलवर केले होते. ते मी पुन्हा पुन्हा पाहिले आणि घड्याळ लावून तिचा तो थांबा मोजला. तालमीत तो चार सेकंदांच्या आसपास असे. प्रयोगात तो जवळजवळ सात सेकंद होता. मी तिला दाखविले तेव्हा ती म्हणाली, "अगं, मागच्या रांगेत कुणाचा तरी मोबाईल वाजायला लागला होता ना! तो बंद होईपर्यंत मी चार म्हटलंच नाही. तीनवरच थांबले."

मी त्याच रंगमंचावर, तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. मला तो मोबाईल ऐकूच आला नव्हता.

यंत्राला तीननंतर चार येतात. उद्या कदाचित मोबाईलचा आवाज ओळखून थांबणारे यंत्रही निघेल. शास्त्राच्या वाटेत आपण का आडवे यावे? यंत्रमानव रंगभूमीवर आले म्हणून नट बेकार होतील, अशीही भीती मला वाटत नाही. एका यंत्राला खुर्चीवर बसवून बोलते करण्यासाठी जितकी माणसे राबतात, तितक्यांत आपली अख्खी एकांकिका उभी राहते. परंतु या यंत्रांचे एक ऋण मी मान्य केले पाहिजे. भावना ही नटाची मिरासदारी नव्हे, हे त्यांनी मला दाखविले, आणि माझ्याजवळ नेमके काय नव्हते तेही दाखविले.

यंदाच्या एकांकिकेत मला पुन्हा काम मिळाले आहे. भूमिका लहान आहे, वाक्ये सहाच. तालमीत मी आजीला बोलावीत नाही. ती आता घरी, देवघरापाशी, तिला यावेसे वाटेल तेव्हा येते. तालमीत मी आकडे मोजते आणि समोरचा नट श्वास कधी घेतो ते ऐकते. अजून ते नीट जमत नाही. सर म्हणतात, अजून तुझे चार फार लवकर येतात.